तेवीस प्लॉट आणि तेवीस डीएफ

आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्याच पडद्यावर ते हात झटकून घेतं. हे मोफत आहे आणि याची कसलीही हमी नाही, असं ते सांगतं, तेही कॅपिटल अक्षरांत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आरची उभारणी सुरू केली आणि १९९५ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. त्या परवान्याच्या शेवटाकडे एक कलम आहे. प्रोग्रॅम कसा चालेल याचा सगळा धोका वापरणाऱ्याचा आणि त्यात दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्चही त्याचाच, असं ते म्हणतं. वकिली भाषा असल्यामुळे तिकडे कोणी बघत नाही. ‘वापरणारा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुठली तरी मोठी संस्था येते, लेटरहेड आणि कायदा विभाग असलेली. माझ्याकडे येणारे वापरणारे बसने येतात आणि त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते.

मी नागपुरात संख्याशास्त्र शिकवते. थिसिसच्या हंगामात कृषी आणि मेडिकलची पोरं लक्ष्मीनगरच्या घरी आकडे घेऊन येतात. यवतमाळकडची एक मुलगी अशीच मे महिन्यात आली. विदर्भातल्या एका कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. करणारी. सोयाबीनवर खतांचा प्रयोग होता. आठ ट्रीटमेंट, म्हणजे खत देण्याचे आठ प्रकार, आणि तीन रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक प्रकार तीनदा. एकूण चोवीस प्लॉट. त्यातला एक रोह्यांनी खाल्ला. रोही म्हणजे नीलगाय; विदर्भात ज्याच्या शेताला कुंपण नाही त्याला या जनावराबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. आणि खाल्ला तो नेमका सगळ्यात चांगल्या ट्रीटमेंटचा. ती म्हणाली, “मॅडम, त्यांनाही समजलं असंन ना जी, कुठला प्लॉट चांगला हाय ते.”

तिनं विश्लेषण करून आणलं होतं. मला फक्त नजर फिरवायची होती. आरमध्ये असल्या शेतीच्या प्रयोगांसाठी वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली पॅकेजेस आहेत, त्यातलं एक तिनं यूट्यूबवर बघून वापरलं होतं. (त्याचं नाव इथे सांगत नाही. दोष आता दुरुस्त झाला आहे आणि लिहिणारा माणूस सज्जन निघाला.) एक ओळ टाकली की अनोव्हाचं टेबल (आकड्यांतला चढउतार कशामुळे किती, याची फोड), सरासऱ्या, सीडी, सगळं थिसिसमध्ये चिकटवायला तयार. सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन ट्रीटमेंटच्या सरासरीतला फरक या आकड्याहून मोठा असेल तर तो खरा मानायचा, लहान असेल तर दोन्ही ‘ॲट पार’. कृषीच्या निम्म्या थिसिसचा निकाल या एका आकड्यावर लागतो. तिचा सीडी आला होता हेक्टरी २.५३ क्विंटल. तिची सगळ्यात चांगली ट्रीटमेंट शिफारशीच्या खतमात्रेपेक्षा २.८ क्विंटलने पुढे होती. म्हणजे सिग्निफिकंट. पोरगी खुश, गाईड खुश.

आमचे सर संध्याकाळी फिरून येताना कधी कधी टेकतात. कृषी सांख्यिकी शिकवून निवृत्त झालेले, अजून कॅल्क्युलेटर खिशात ठेवणारे. कूलरसमोर बसून त्यांनी टेबलावरचा प्रिंटआउट उचलला आणि अनोव्हाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“बेटा, प्लॉट किती होते तुझे?”

“तेवीस, सर. एक रोह्यांनी खाल्ला.”

“मग टोटल डीएफ तेवीस कसं काय?”

तेवीस निरीक्षणं असली की एकूण डीएफ, म्हणजे स्वातंत्र्यांश, बावीस. एक कमी. हा पहिल्या वर्षाचा नियम आहे आणि तो मोडता येत नाही. टेबल तेवीस म्हणत असेल तर कुठून तरी एक चोविसावं निरीक्षण आत शिरलंय. जे शेतात नव्हतं ते कागदावर आलं होतं.

इथे आरचा मोठेपणा मान्य करायला हवा, कारण ते निरीक्षण कुठून आलं हे आम्हाला तिथल्या तिथे बघता आलं. पॅकेजचा कोड उघडाच असतो. रिकामी जागा दिसली की त्या फंक्शनमध्ये एक सूत्र चालत होतं. फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्ये, इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या संशोधन केंद्रात असताना, मांडलेलं. गेलेल्या प्लॉटचा ब्लॉक (म्हणजे त्याचं रेप्लिकेशन), त्याची ट्रीटमेंट आणि एकूण बेरीज यांच्यावरून त्या जागी एक अंदाज भरायचा. सूत्र बरोबर लिहिलं होतं. पण येट्स तिथे थांबत नाही. भरलेला आकडा हा अंदाज आहे, माहिती नाही, म्हणून एररचा, म्हणजे ट्रीटमेंट आणि ब्लॉक वगळून उरलेल्या चढउताराचा, एक डीएफ कमी करायचा आणि त्या ट्रीटमेंटची तुलना करताना स्टँडर्ड एरर, म्हणजे फरकातल्या अनिश्चिततेचं माप, तीही वाढवून घ्यायची, हा त्याचा पुढचा अर्धा भाग. पॅकेजनं पहिला अर्धा घेतला आणि दुसरा सोडला. त्यापुढे चोवीसही प्लॉट शाबूत असल्यासारखा हिशेब. पडद्यावर एका अक्षराची सूचना नाही.

सरांनी पानसे-सुखात्मे मागवलं. व्ही. जी. पानसे आणि पी. व्ही. सुखात्मे यांचं हे इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९५४ मध्ये पहिल्यांदा काढलं आणि कृषी सांख्यिकीच्या लोकांत ते आजही लेखकांच्या आडनावांनीच ओळखलं जातं. माझी प्रत पाठीला चिकटपट्टी लावलेली. हिशेब असा झाला. एररचे डीएफ १४ नव्हे, १३. त्यामुळे एरर मीन स्क्वेअरचं वर्गमूळ १.४५ च्या आसपास नव्हे, १.५०. टेबलातून घ्यायचा पाच टक्क्यांचा टी २.१४५ नव्हे, २.१६०. आणि सगळ्यात मोठा फटका स्टँडर्ड एररचा. साध्या सूत्रात दोन भागिले तीन असतं. प्लॉट गेलेल्या ट्रीटमेंटसाठी त्यात आठ भागिले बेचाळीस आणखी मिळवायचे. तीन बारीक सुधारणा, तिन्ही एकाच दिशेच्या. त्या तुलनेचा सीडी २.५३ वरून थेट ३.०० वर. २.८ चा फरक त्याच्या आत. ॲट पार.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पण मी तर काहीच चुकीचं नाही केलं ना, मॅडम. जसं सांगितलं तसंच करून राहिली होती.”

सर म्हणाले, “थिसिसवर सही कोणाची आहे?”

मला हे उत्तर तेव्हाही पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. कायद्यानं ते बरोबर आहे. परवान्याचं कलम तेच सांगतं. पण या साखळीत जिला सगळ्यात कमी माहिती आणि जिच्याकडे सगळ्यात कमी वेळ, तिच्याच गळ्यात सगळा धोका अडकवायचा आणि वरच्या प्रत्येकानं निवांत राहायचं, याला जबाबदारी म्हणायला मी तयार नाही. मग ती कोणाची?

सरांचं म्हणणं सरळ होतं. फुकटचं घेतलं की असंच होणार. एकेकाळी परिषदेच्या संस्थांना आणि कृषी विद्यापीठांना दिल्लीच्या सांख्यिकी संस्थेमार्फत एसएएस हे सॉफ्टवेअर मिळालं होतं, ते विकतचं, भरवशाचं. मी त्यांना तेव्हा एस-प्लस या दुसऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगितली, आणि नागपुरात ती जास्तच लागू पडते, कारण एका बाजूला कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आणि दुसऱ्या बाजूला हवेवर आकडेमोड करणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, अशा गावात आपण राहतो. अमेरिकेतल्या ९० मोठ्या शहरांतलं हवेतलं धूलिकणांचं प्रमाण आणि मृत्यू यांचा संबंध जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटानं तपासला होता. पीएम-१० दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढलं की रोजचे मृत्यू ०.४१ टक्क्यांनी वाढतात, असा निष्कर्ष. तिथली धूलिकणांची मानकं ठरवण्याच्या चर्चेत असलेला आकडा. २००२ मध्ये त्याच गटानं स्वतःच जाहीर केलं की एस-प्लसमधलं जे फंक्शन आम्ही वापरलं त्याची थांबण्याची अट फार ढिली आहे. ते फंक्शन फेऱ्या मारत मारत उत्तराजवळ जातं, आणि ‘आता पुरे’ कधी म्हणायचं याचा आकडा कंपनीनं आधीच भरून ठेवला होता. एरवी तो चालत होता, पण या प्रश्नात जो परिणाम शोधायचा तोच इतका बारीक की फंक्शन मुक्कामाला पोचायच्या आधीच थांबत होतं. अट कडक केली तर ०.४१ चे ०.२७ झाले, दुसऱ्या पद्धतीनं ०.२१. धूळ माणसं मारते हा निष्कर्ष टिकला, पण किती मारते हे जवळजवळ अर्ध्यावर आलं.

एस-प्लस विकतचं होतं, त्याला कंपनी होती. विकतच्या सॉफ्टवेअरचे करार कधी वाचून बघा. नुकसानीची जबाबदारी बहुधा तुम्ही भरलेल्या किमतीपलीकडे जात नाही. म्हणजे पैसे देऊन आपण जबाबदारी विकत घेत नाही. फार तर फोन करायला एक नंबर घेतो. आणि आमच्या प्रकरणातला कोड कंपनीच्या कुलपात असता तर तेविसाचं कोडं आम्हाला त्या संध्याकाळी सुटलं नसतं. सरांनी मान डोलावली. पटलं म्हणून की चहा आला म्हणून, ते कळलं नाही.

फुकटच्या बाजूची गोष्टही काही उजळ नाही. मेंदूच्या एफएमआरआय चित्रांच्या विश्लेषणातल्या एका मोफत पॅकेजमध्ये १५ वर्षं एक चूक राहिली होती. २०१५ मध्ये ती दुरुस्त झाली आणि २०१६ मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधातून सगळ्यांना कळली. १५ वर्षं कोड उघडा होता. तो उघडा असणं वेगळं आणि कोणी वाचणं वेगळं.

मग पॅकेजेस जिथून उतरवतो त्या जागेचं काय? क्रॅन ही व्हिएन्नातल्या लोकांनी १९९७ मध्ये सुरू केलेली जागा. आज तिथे २०,००० हून जास्त पॅकेजेस आहेत. बऱ्याच जणांना वाटतं, माझ्या मुलीलाही वाटत होतं (माझी म्हणजे ती यवतमाळची), की तिथे चढलं म्हणजे कोणीतरी तपासलं. तपासतात, आणि कडक तपासतात. पॅकेज वेगवेगळ्या संगणकांवर बसतं का, दिलेली उदाहरणं न अडखळता चालतात का, प्रत्येक फंक्शनची माहिती लिहिली आहे का, दुसऱ्या पॅकेजेसशी त्याचं भांडण होतं का. देखभाल करणाऱ्याचा ईमेल बंद पडला तर पॅकेज मुख्य यादीतून काढून कपाटात टाकतात. या कटकटीला कंटाळून रागावलेले लेखक मला माहीत आहेत. पण उत्तर बरोबर येतं का, हे तिथे कोणी तपासत नाही आणि तपासतो असा दावाही कोणी केलेला नाही. २०,००० पॅकेजेसचं संख्याशास्त्र तपासायला माणसं कुठून आणायची? क्रॅनला यात दोष देणं मला जमत नाही. दोष आपल्या समजुतीचा आहे.

औषध कंपन्यांना ही समजूत परवडत नाही. त्यांच्या चाचण्यांचे आकडे सरकारी नियामकापुढे जातात. आर फाउंडेशननं त्यांच्यासाठी एक मार्गदर्शक कागद काढला आहे, पण तो बोलतो फक्त आरच्या गाभ्याबद्दल, म्हणजे १४ मूळ पॅकेजेस आणि त्यांच्याबरोबर येणारी १५ शिफारस केलेली. बाकी हजारोंचं ज्याचं त्यानं बघायचं. म्हणून कंपन्यांनी एकत्र येऊन प्रत्येक पॅकेजचा धोका जोखायची पद्धत बसवली. लिहिणारा कोण, देखभाल चालू आहे का, चुका नोंदवायची सोय आहे का, किती लोक उतरवतात, कोडच्या किती भागाला चाचण्या आहेत. त्यांच्याकडे या कामाला पगारी माणसं आहेत. आपल्या महाविद्यालयात एक कॉम्प्युटर लॅब आणि तिची किल्ली असलेला शिपाई.

आता पॅकेज लिहिणाऱ्याकडे येते. मेमध्ये वर्धा रोडनं जाताना पाणपोया दिसतात. ओलं लाल कापड गुंडाळलेले रांजण, वर झाकण, साखळीला बांधलेला पेला. पैसे कोणी मागत नाही. पण त्या पाण्यानं कोणाला हगवण लागली तर ‘फुकट तर होतं’ हे उत्तर चालेल का? नागपुरात तरी कोणी ऐकून घेणार नाही. आणि तरीही, चैत्रात ज्यानं हौसेनं रांजण मांडला त्यालाच ज्येष्ठापर्यंत रोज पहाटे तो घासावा लागतो, हेही आपण बघत नाही. पाणी पिणारे हजार, घासणारा एक. तो आजारी पडला, त्याची बदली झाली, की रांजण तिथेच आणि पाणी शिळं.

मी त्या लेखकाला लिहिलं. तेवीस प्लॉटचा डेटा, पुस्तकातला हिशेब, कोडातली नेमकी ओळ. उत्तर आलं ते एका दमलेल्या माणसाचं होतं. पीएच.डी. करताना स्वतःच्या प्रयोगांसाठी त्यानं ते लिहिलं, त्याच्या प्रयोगात एकही प्लॉट गेला नव्हता. नंतर कोणीतरी रिकाम्या प्लॉटची सोय मागितली, त्यानं एका सुटीत ती घालून दिली. आता तो विद्यापीठात नाही, दुसरं काम करतो, घरात लहान मूल आहे. त्यानं माफी मागितली, आणि दुरुस्त केलेली ओळ तुम्हीच पाठवाल का, असं विचारलं. पाठवली. काही दिवसांनी नवी आवृत्ती आली.

या माणसावर राग धरणं अवघड आहे. पण माझं म्हणणं मी सौम्य करणार नाही. सूत्र अर्धवट राहणं ही चूक आहे, चुका होतात. गप्प राहून आकडा भरणं ही चूक नाही, तो निर्णय आहे. रिकामी जागा दिसल्यावर फंक्शन थांबलं असतं आणि ‘हे मला येत नाही’ म्हणालं असतं, तर मुलगी वैतागली असती आणि माझ्याकडे महिनाभर आधी आली असती. निदान ‘एक आकडा मी अंदाजानं भरला आहे’ एवढी ओळ. तेवढी लिहायला संख्याशास्त्र लागत नाही. फुकट देणाऱ्याकडून मी अचूकतेची हमी मागत नाही. आपल्याला काय येत नाही ते त्यानं सांगावं, एवढंच मागते, आणि ते सांगायला पैसेही पडत नाहीत.

हे कसं करावं याचा नमुना आरच्या गाभ्यातच आहे. यदृच्छ निवड करणाऱ्या, म्हणजे चिठ्ठ्या काढणाऱ्या फंक्शनमध्ये दोष असल्याचं लोकांनी दाखवून दिलं. यादी फार मोठी असेल तर सगळ्यांना सारखी संधी मिळत नव्हती. २०१९ मध्ये ३.६.० या आवृत्तीत ते बदललं. बदल गाजावाजा करून सांगितला आणि जुने निकाल पुन्हा काढायचे असतील त्यांच्यासाठी जुनी पद्धत वेगळ्या नावानं ठेवली. ती वापरली की आर अजूनही टोकतं.

पण माझा मोठा वाद लेखकाशी नाही, तो जवळच्याच लोकांशी आहे. एसएएस परवडत नाही म्हणून आर आलं. चांगलं झालं, मी स्वतः त्याची प्रचारक आहे. लायसन्सचे पैसे वाचले. ते गेले कुठे? त्यातला एक हिस्सा तपासणीवर खर्च व्हायला हवा होता. एखाद्या विभागानं दरवर्षी, थिसिसचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, विद्यार्थी जी दहा-बारा पॅकेजेस वापरतात ती घ्यावीत, पुस्तकातली सोडवलेली गणितं त्यांना घालावीत आणि उत्तर जुळतं का ते बघावं. पूर्ण डेटाचं एक, गेलेल्या प्लॉटचं एक, स्प्लिट प्लॉट या दुसऱ्या रचनेचं एक. आठवड्याभराचं काम आहे आणि एम.एस्सी. सांख्यिकीच्या पोरांना त्यातून जे शिकायला मिळेल ते वर्गात मिळत नाही. हे मी एका बैठकीत मांडलं तर एक प्राध्यापक म्हणाले, “मॅडम, मग हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट सॉफ्टवेअर वापरू द्या ना सगळ्यांना.” म्हणजे एकाकडून काढून दुसऱ्यावर विश्वास टाकायचा. तपासायचं मात्र कोणालाच नाही.

आणि थिसिसमध्ये आपण जबाबदारी कोणावर टाकतो, ते वाचण्यासारखं आहे. साहित्य आणि पद्धती या प्रकरणाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: आकडेवारीचे विश्लेषण पानसे आणि सुखात्मे यांनी दिलेल्या पद्धतीनुसार केले. मागच्या बॅचचं उचलायचं, पुढच्या बॅचला द्यायचं. मुलीच्या मसुद्यातही ते होतं. पॅकेजचं नाव नाही, आवृत्ती नाही, ‘आर’ हे अक्षरसुद्धा नाही. ज्या पुस्तकात गेलेल्या प्लॉटची रीत व्यवस्थित दिली आहे त्याच पुस्तकाच्या नावावर त्या रीतीचा अर्धा भाग गाळलेला हिशेब. सुखात्मे १९९७ मध्ये गेले, पानसे त्याच्याही आधी. तक्रार करायला दोघेही येणार नाहीत.

मुलीनं निकाल बदलला. ‘सिग्निफिकंटली सुपीरियर’च्या जागी ‘ॲट पार’. गाईड नाराज झाले, मग त्यांनीच पुस्तकातून हिशेब पडताळला आणि सही केली. हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. एका हंगामाच्या एका एम.एस्सी.च्या प्रयोगावरून शेतकऱ्याला शिफारस जात नाही, त्याला जॉइंट ॲग्रेस्कोची, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीची, चाळणी असते, तेव्हा या २.८ क्विंटलमुळे कोणाच्या शेतात जास्तीची गोणी पडली नसती. तेवढं समाधान. पण अशाच थिसिसवरून पुढचा प्रयोग आखला जातो, पुढच्या थिसिसच्या पूर्वसंशोधनात त्याचा उल्लेख होतो, आणि आकडा एकदा उद्धृत झाला की त्याच्यामागचा रोही कोणाला दिसत नाही.

आता जे मला खरोखर सुटलेलं नाही ते सांगते. औषधाच्या बॅचमध्ये दोष निघाला तर बॅच नंबरावरून ती दुकानातून परत मागवता येते. पॅकेजची जुनी आवृत्ती किती वेळा उतरवली गेली याचे आकडे मिळतात, पण कोणी उतरवली हे कळत नाही. तशी यादी ठेवलेली नाही, आणि ठेवावी असं मला वाटतही नाही. नवी आवृत्ती आली तरी जुनी कपाटात आहेच, असायलाच हवी, नाहीतर जुने निकाल पुन्हा काढून बघणार कसे. दुरुस्तीची नोंद बदलांच्या यादीत एका ओळीत आहे. ती यादी मी वाचते, कारण मला तो नाद आहे. दोन वर्षांपूर्वी पास होऊन वाशीमला कृषी सेवा केंद्र टाकलेला मुलगा ती का वाचेल?

कृषी विद्यापीठांचे थिसिस कृषिकोश या ऑनलाइन भांडारात असतात. मी तिथे शोधून बघितलं. सोयाबीन, तूर, कापूस, आरबीडी (ब्लॉक पाडून केलेल्या अशाच प्रयोगाची रचना), तळटीपेत ‘एक प्लॉट नष्ट’. असे थिसिस सापडतात. पण विश्लेषण कशानं केलं ते विचारायला गेलं की तेच वाक्य समोर येतं, पानसे आणि सुखात्मे. अनोव्हाच्या टेबलात टोटल डीएफ छापलं असेल तर मोजून ओळखता येतं. बऱ्याच जणांनी फक्त सीडी दिलेला असतो.

मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि टोटल डीएफ कसं बघायचं ते टाकलं. बहुतेकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकाचा मात्र फोन आला. त्याच्या तुरीच्या प्रयोगात दोन प्लॉट पाण्यानं गेले होते. “मॅडम, माझं बी चुकलं असंन का?” मी म्हटलं, डेटा पाठव, बघते. तर लॅपटॉप लहान भावाला दिला होता, भावानं फॉरमॅट मारला. फील्डबुक आहे, पण ते कॉलेजात जमा. गाईड अकोल्याला बदलून गेले आणि त्यांच्या खोलीतली कपाटं नव्या सरांकडे. नव्या सरांना मी सोमवारी फोन करणार आहे.